मुंबई–दिल्ली: अंतर एक, घड्याळं अनेक

मुंबई ते दिल्ली, विमानतळ ते विमानतळ, सरळ अंतर १,१३८ किलोमीटर. जेट विमानाचा उंचावरचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास. भागाकार केला की उत्तर येतं ८२ मिनिटं. आता तिकीट उघडून बघा. त्यावर दोन तास दहा मिनिटं असतात, कुठे दोन तास वीस. मधल्या पाऊण तासाकडे आपण कानाडोळा करतो. विमान म्हटलं की एवढं व्हायचंच, असं म्हणतो आणि खिडकीची जागा मिळाली का ते पाहतो. पण या पाऊण तासाचा हिशेब मिनिटामिनिटाने मांडता येतो, आणि तो मांडला की काही पक्क्या समजुतींना धक्का बसतो. 'विमानं आणखी वेगवान झाली पाहिजेत' ही त्यातली पहिली.

मार्ग लहानसहान नाही. विमानांच्या वेळापत्रकांची जगभरची माहिती गोळा करणाऱ्या ओएजी या संस्थेच्या २०२४ च्या यादीत हा मार्ग जगातल्या देशांतर्गत मार्गांमध्ये पहिल्या दहांत होता. वर्षभरात जवळपास ८० लाख आसनं. दिवसाला २२ हजार. एका विमानात १८० माणसं धरली तर जाऊन-येऊन रोजच्या १२० फेऱ्या. हा १२० चा आकडा लक्षात ठेवावा, पुढे पैशांच्या हिशेबात लागणार आहे.

अंतर कागदावर काढता येतं

त्यासाठी संगणक लागत नाही. मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. दिल्लीचा २८.५७ आणि ७७.१० वर. अक्षांशांतला फरक ९.४८ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, तेव्हा उत्तरेकडे जायचं झालं १,०५३ किलोमीटर. रेखांशांतला फरक ४.२३ अंश. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असला तरी उत्तरेकडे सरकावं तसा तो आकसतो. या दोन शहरांच्या मध्यावर तो १०२ किलोमीटरच्या आसपास उरतो. म्हणजे पूर्वेकडे जायचं ४३१ किलोमीटर. दोन्ही बाजूंच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, आणि उत्तर १,१३८. आठवीतला पायथागोरस इथे पुरतो, कारण एवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाई फारशी आड येत नाही. मुंबई–लंडनचे ७,२१२ किलोमीटर असे निघणार नाहीत. तिथे गोलावरची भूमिती लागते, आणि भिंतीवरच्या नकाशात पट्टीने ओढलेली सरळ रेष हा सर्वांत जवळचा मार्ग राहत नाही.

ही १,१३८ किलोमीटरची रेष जमिनीवर उतरवली तर ती पालघर जिल्ह्यातल्या जव्हारजवळून सह्याद्री ओलांडते, डांगच्या जंगलावरून नर्मदेकडे जाते, झाबुआच्या बाजूने माळव्यात शिरते, मंदसौर आणि अलवर यांच्या जवळून दिल्लीत उतरते. बरोबर अर्धं अंतर मंदसौरच्या थोडं अलीकडे संपतं. पश्चिम रेल्वेची गाडीही रतलाम आणि कोट्यावरूनच जाते, म्हणजे दोघांची दिशा एकच. पण रूळ आधी किनाऱ्याकिनाऱ्याने सुरत, बडोदा करत जातात आणि पुढे मथुरेकडे झुकतात. म्हणून मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली १,३८४ किलोमीटर होतात, विमानाच्या रेषेपेक्षा २४६ ने, म्हणजे २२ टक्क्यांनी जास्त. राजधानी ते अंतर साडेपंधरा तासांच्या आसपास कापते. सरासरी ताशी ८९ किलोमीटर.

विमान तरी या रेषेवरून जातं का? नाही. मुंबईत वर्षातला बहुतेक काळ वारा समुद्राकडून येतो, म्हणून विमान पश्चिमेकडे तोंड करून उडतं. जायचं असतं ईशान्येच्या अंगाला आणि पहिली काही मिनिटं जुहूवरून थेट अरबी समुद्रात. मग उजवीकडे वळण घेऊन उत्तर धरायची. पुढेही ठरलेले हवाई मार्ग असतात, मध्ये लष्करासाठी राखलेलं आकाश असतं. मे २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं होतं की भारताच्या आकाशापैकी ६० टक्केच नागरी विमानांना मोकळेपणी मिळतं, आणि ही बंधनं सैल केली तर वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांचा फायदा होईल. देशाच्या पातळीवर हा आकडा मोठा आहे. पण आपल्या एका फेरीपुरतं बघू. वाकड्या वाटेने ५ टक्के अंतर वाढलं असं धरलं तर ५७ किलोमीटर जास्त, आणि त्याला लागतात चार मिनिटं. पाऊण तासातली फक्त चार. बाकीची दुसरीकडे शोधायला हवीत.

पूर्ण वेगाची त्रेपन्न मिनिटं

वैमानिकांचा एक सोपा ठोकताळा आहे. दर हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल ठेवायचे. विमान ३६ हजार फुटांवर असेल तर १०८ सागरी मैल, म्हणजे २०० किलोमीटर आधी उतरायला लागायचं. दिल्लीला जाताना अलवर दूर असतानाच इंजिनांचा आवाज अचानक कमी होतो आणि कानांना दडे बसायला लागतात, ते याच वेळी. वर चढायलाही साधारण तितकंच अंतर जातं. म्हणजे १,१३८ पैकी ४०० किलोमीटर चढण्या-उतरण्यातच गेले. पूर्ण वेगाने कापायचे उरले ७३८. ताशी ८३० ने त्यांना लागतात ५३ मिनिटं.

उरलेल्या ४०० किलोमीटरांत विमान रेंगाळतं, आणि ते मुद्दाम. दहा हजार फुटांच्या खाली वेगावर २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. चाकं जमिनीला टेकतात तेव्हा वेग ताशी २६० च्या आसपास असतो. तेव्हा चढायला २० मिनिटं, उतरायला २५. दोन्ही टोकांच्या वळणांना मिळून आठ धरू. हवेतला वेळ झाला १०६ मिनिटं.

पण तिकिटावरचं घड्याळ हवेतलं नाहीच. चाकांखालचे ठोकळे काढून विमान मागे ढकललं जातं तिथे ते सुरू होतं, आणि दुसऱ्या विमानतळावर ठोकळे पुन्हा लागतात तिथे थांबतं. विमान कंपन्यांच्या भाषेत हा ब्लॉक टाइम. मुंबईत सहारच्या टर्मिनलपासून धावपट्टीच्या तोंडाशी पोहोचायला, रांग धरून, १८ मिनिटं. दिल्लीत धावपट्टीपासून टर्मिनलपर्यंत नऊ. सगळं मिळून १३३ मिनिटं. दोन तास तेरा मिनिटं. तिकिटाशी ताळा जुळला.

यातले काही आकडे रोज थोडे इकडेतिकडे होतील, प्रमाण बदलणार नाही. १३३ पैकी जेमतेम ५३ मिनिटं विमान खरोखर विमानाच्या वेगाने जातं. इंजिनिअरांनी उद्या १० टक्के जास्त वेगाचं विमान आणलं, इंधनाचा चट्टामट्टा करून, तर त्या ५३ ची ४८ होतील. वाचली पाच मिनिटं. प्रवाशाला ती कळणारही नाहीत. पुढच्या रांगेतल्या काकांनी वरच्या कप्प्यातून बॅग काढेपर्यंत ती संपलेली असतात.

जितका मार्ग लहान तितका हा विनोद मोठा होतो. मुंबई–नागपूर ६८३ किलोमीटर. त्यातून चढ-उताराचे ४०० वजा केले तर पूर्ण वेगाला उरतात २८३, म्हणजे २० मिनिटं. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास. दिल्लीपेक्षा अंतर ४० टक्क्यांनी कमी, वेळ एकतृतीयांशानेच कमी. म्हणून अंतरावरून वेळ काढायचा रोजच्या वापरातला जो नियम आहे, किलोमीटर भागिले ८०० आणि वर अर्धा तास, तो लांबच्या मार्गांना बरा चालतो. लंडनला नऊ तास अधिक अर्धा, साडेनऊ, ठीक. दिल्लीला एक तास पंचावन्न मिनिटं. हा बराचसा हवेतला वेळ झाला, जमिनीवरची मिनिटं त्यात नीट बसत नाहीत. आणि गर्दीच्या विमानतळांवर खरा खर्च जमिनीवरच होतो.

इथे १९३२ ची आठवण काढायला हरकत नाही. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी पुस मॉथ विमानातून कराचीहून टपाल आणलं ते अहमदाबादमार्गे जुहूला. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी निघाले, दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी उतरले. कराची–अहमदाबाद–जुहू हे अंतर १,०३० किलोमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे आजच्या मुंबई–दिल्लीपेक्षा थोडंच कमी. लागले सव्वासात तास, अहमदाबादेत इंधन भरण्यासकट. सरासरी ताशी १४२ किलोमीटर. आजचं विमान उंचावर त्याच्या जवळपास सहापट वेगाने जातं. पण १,१३८ ला १३३ मिनिटांनी भागून सरासरी काढा. ताशी ५१३ येते, साडेतीनपट. उरलेला वेग कुठे सांडला ते वर आलंच आहे. जुहूच्या मैदानावर त्या दिवशी रांग नव्हती.

वारा कोणाच्या बाजूचा

हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो. जेट स्ट्रीम म्हणतात तो. ताशी १५० किलोमीटरचा वेग त्याला काही विशेष नाही. मुंबईहून दिल्लीची दिशा सरळ उत्तर नाही, ती उत्तरेपासून २२ अंश पूर्वेकडे झुकलेली आहे. त्यामुळे हा वारा बहुतांशी अंगावर आडवा येतो आणि थोडासा पाठीमागून. १५० चे दोन भाग पाडले तर पाठीमागून मिळतात ५६, आणि आडवे लागतात १३९. आडवा वारा फुकट जात नाही. रेष सुटू नये म्हणून विमानाला नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं उडावं लागतं, त्यात ८३० पैकी १२ खर्च होतात. उरतात ८१८.

समजा सगळ्या मार्गावर असाच वारा आहे. जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ८१८ अधिक ५६, म्हणजे ८७४. येताना ७६२. पूर्ण अंतर याच वेगाने कापलं तर जायला ७८ मिनिटं, यायला ९०. एकाच दिवशी, एकाच विमानाने, बारा मिनिटांचा फरक.

आता कोणी म्हणेल, जाताना मिळवलं ते येताना दिलं, फिट्टंफाट. तसं होत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन १६४.५ मिनिटं लागली असती. वाऱ्यात लागतात जवळपास १६८. तोटा तीन मिनिटांचा. कारण उघड आहे. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, सुलट्या वाऱ्याचा फायदा कमी वेळ मिळतो. शिवाय आडव्या वाऱ्याचं देणं दोन्ही वेळा द्यावंच लागतं. स्थिर वाऱ्यात परतीचा प्रवास धरून कधीच फायदा होत नाही, कोणत्याही मार्गावर, कोणत्याही ऋतूत. पावसाळ्यात हा पश्चिमी झोत हिमालयापलीकडे सरकतो आणि दक्षिणेकडे उंचावर उलटे, पूर्वेकडचे वारे येतात. पण त्या दिवसांत वाऱ्यापेक्षा ढगांचे मनोरे टाळण्यात जास्त मिनिटं जातात.

मुंबई–दिल्लीवर हे काही मिनिटांचं प्रकरण. लांबच्या मार्गावर वारा अंतरालाही हरवतो. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. हा मार्ग १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. तरी पहिली फेरी साडेचौदा तासांत पोहोचली, जुन्या मार्गापेक्षा दोनेक तास लवकर. पश्चिमेकडे जाताना वारा तोंडावर होता, पूर्वेकडे जाताना पाठीशी. किलोमीटरवरून भाडं आणि वेळ ठरतात असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

राजकारण तर वाऱ्यापेक्षा महाग पडतं. २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आकाश बंद केलं, ते १६ जुलैला उघडलं. दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे निघालेली विमानं आधी दक्षिणेला गुजरातकडे येऊन मग पश्चिमेला वळत होती. इंडिगोच्या दिल्ली–इस्तंबूल विमानाला इंधनासाठी दोह्याला थांबावं लागे. एकट्या एअर इंडियाचं २ जुलैपर्यंतचं नुकसान ४९१ कोटी रुपये, असं सरकारने संसदेत सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये तेच पुन्हा सुरू झालं. दिल्ली आणि इस्तंबूल जागचे हलले नव्हते.

सहारची रांग

मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, ३,४४८ मीटरची एक आणि २,८७१ मीटरची दुसरी. पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान असताना दुसरी वापरता येत नाही. म्हणजे हिशेबाला धावपट्टी एकच. त्या एकीवर गर्दीच्या तासाला ४६ विमानं चढत-उतरत होती. दर ७८ सेकंदांना एक. एकाच धावपट्टीवर लंडनचं गॅटविक ५५ पर्यंत नेतं, तेव्हा जगात याहून घट्ट काम होतं. पण गॅटविकला शेजारी झोपडपट्टी आणि टेकडी टेकलेली नाही. मुंबईत उतरताना घाटकोपरच्या टेकडीवरच्या घरांचे निळे प्लास्टिकचे कागद, त्यावर ठेवलेले टायर आणि पाण्याच्या टाक्या खिडकीतून मोजता येतात. धावपट्टीतून लवकर बाहेर पडायच्या वाटा वाढवायच्या तर जागा आणायची कुठून?

रांगेचं गणित या ७८ सेकंदांत आहे. संध्याकाळी खिडकीतून वाकून बघितलं आणि पुढे सहा विमानांच्या शेपट्या दिसल्या, तर आठ मिनिटं गेली असं समजावं. त्यात उतरणारी मध्ये घुसली तर पंधरा. आणि हे झालं जमिनीवरचं, जिथे इंजिनं मंद असतात. हवेतली रांग वेगळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच आकडे मांडले. मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागत होत्या. विमान तासाला सरासरी २,००० किलो इंधन जाळतं. ४० मिनिटांच्या घिरट्यांत १.७ किलोलिटर, म्हणजे सुमारे १ लाख ८० हजार रुपये. तासाभराच्या घिरट्यांत अडीच किलोलिटर, २ लाख ६० हजार. उपाय म्हणून गर्दीच्या तासातली विमानं ४६ वरून ४४ वर आणली, इतर वेळी ४४ वरून ४२ वर. ७८ सेकंदांचे ८२ झाले. चार सेकंदांची उसंत. ऐकायला हास्यास्पद वाटते, पण पूर्ण भरलेल्या रांगेत थोडीशी फट असली की एका विमानाचा उशीर पुढच्या चाळीस विमानांवर चढत नाही.

सुरुवातीचा १२० फेऱ्यांचा आकडा इथे लागतो. तासाला २,००० किलो म्हणजे मिनिटाला ३३ किलो. मुंबई–दिल्लीच्या प्रत्येक फेरीतलं हवेतलं एक मिनिट वाचवलं तर दिवसाला चार टन इंधन, म्हणजे पाच किलोलिटर वाचतं. मंत्रालयाने धरलेल्या त्याच भावाने दिवसाचे पाच लाखांवर रुपये, वर्षाचे १९ कोटींच्या घरात. फक्त एका मार्गाचे, फक्त एका मिनिटाचे.

दिल्लीकडे जागा आहे, आणि तिथे पैसा कुठे घालावा हेही दिसलं. चार धावपट्ट्यांच्या त्या विमानतळावर जुलै २०२३ मध्ये २.१ किलोमीटरचा एक जोडमार्ग सुरू झाला. त्याचा काही भाग रस्त्यावरून पुलासारखा जातो. खाली गाड्या, वर विमान. एका टोकाच्या टर्मिनलवरून दुसऱ्या टोकाच्या धावपट्टीकडे जाणाऱ्या विमानाचा त्यामुळे सात किलोमीटरचा वळसा वाचतो. जमिनीवर विमान ताशी ३० किलोमीटरने सरकतं असं धरलं तर १४ मिनिटं. वर काढलेला १० टक्के वेगवान विमानाचा फायदा आठवा, पाच मिनिटं. दोन किलोमीटर काँक्रीटने जवळपास तिप्पट काम केलं.

वेळापत्रक हा वायदा

भारतात विमान ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत असलं की ते वेळेवर धरलं जातं, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय कंपन्यांचे हे आकडे दरमहा जाहीर करतं. त्यात नाव खाली जाऊ नये म्हणून कंपनीकडे दोन वाटा असतात. विमानं खरोखर वेळेवर चालवायची, किंवा ब्लॉक टाइममध्येच दहा-पंधरा मिनिटं पेरून ठेवायची. दुसरी वाट सगळ्यांना ठाऊक आहे. विमान वीस मिनिटं उशिरा सुटतं, आणि उतरल्यावर वेळेआधी पोहोचल्याबद्दल आनंदाची घोषणा होते. प्रवासीही खूश. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण ही पेरलेली मिनिटं कंपनीलाही महाग पडतात. दिवसाला सहा फेऱ्या करणाऱ्या विमानाच्या प्रत्येक फेरीत दहा मिनिटं वाढवली की तास गेला, आणि अशा दोन-तीन विमानांचे तास मिळून एक अख्खी फेरी गेली. तरी घोषणा ऐकताना कोणाची वेळ आणि कोणाच्या आधी, एवढं मनात विचारायला हरकत नाही.

या घड्याळांपैकी कुठलं धरायचं यावर पैसे अवलंबून असतात. टाळेबंदीनंतर २५ मे २०२० पासून विमानं सुरू झाली तेव्हा सरकारने भाड्यांचे सात पट्टे केले, उड्डाणाच्या वेळेवरून. दिल्ली–मुंबई ९० ते १२० मिनिटांच्या पट्ट्यात पडलं. किमान ३,५०० रुपये, कमाल १०,०००. आपण वर काढलेला हवेतला वेळ १०६ मिनिटं, तो या पट्ट्यात बसतो. तिकिटावरची १३० ते १४० मिनिटं धरली असती तर हाच मार्ग वरच्या पट्ट्यात गेला असता. किमान ४,५००, कमाल १३,०००. विमान तेच, घड्याळ बदललं की वरच्या मर्यादेत तीन हजारांचा फरक. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली आणि भाडी भडकली, तेव्हा सरकारने पुन्हा मर्यादा घातल्या. या वेळी मोजमाप वेळेचं नव्हतं, अंतराचं होतं. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,०००, त्यापुढे १८,०००. मुंबई–दिल्ली १,१३८, तेव्हा १५,०००. मला हे माप जास्त पटतं. अंतरात मिनिटं पेरता येत नाहीत.

प्रवाशाच्या हक्कांचं घड्याळ मात्र अजून ब्लॉक टाइमवरच चालतं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की विमानतळावर खाणं-पिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीच सोय तीन तासांच्या उशिरानंतर. मुंबई–दिल्लीचं वेळापत्रक सध्या या रेषेच्या अलीकडे आहे. पण गर्दी वाढत जाऊन कोणी दोन तास पस्तीस मिनिटं छापली, तर त्याच अंतराच्या प्रवाशाला चहा आणि सँडविचसाठी एक तास जास्त थांबावं लागेल. नियम लिहिणाऱ्यांनी लांबच्या प्रवासाचा विचार केला असणार. सहारच्या रांगेने प्रवास लांबतो हे त्यांच्या डोळ्यांसमोर नसावं.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरला तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. तिथून दिल्लीचं अंतर याच पायथागोरसने काढलं तर १,१४१ किलोमीटरच्या आसपास येतं, सहारपेक्षा दोन-तीन किलोमीटर जास्त. वेळेत बारा-तेरा सेकंद. पनवेल, उलवे, पुण्याच्या बाजूच्या माणसाला घरापासूनचा तास-दीड तास वाचेल आणि बोरिवली-वसईच्या माणसाला तेवढाच जास्त लागेल, हे वेगळं. पण आज तिथे एकच धावपट्टी आहे, आणि तिच्यासमोर सहारसारखी रांग अजून लागलेली नाही. मी दोन्हीकडची दिल्लीची तिकिटं शेजारी ठेवून बघतो तेव्हा किलोमीटर बघत नाही. ब्लॉक टाइमची मिनिटं बघतो, आणि दर सहामाही वेळापत्रकात ती कुठे वाढतात तेही.